एका बॅचला एक सुई

विषाणूंचा धडा मी फार छान शिकवायचे. माझं कौतुक मलाच करावं लागतंय, कारण ते करणारं दुसरं कुणी आता राहिलेलं नाही. शिवाय त्या धड्याच्या जोडीनं मी जे करून ठेवलं, तेही मलाच सांगायचं आहे.

शहराच्या जुन्या भागात आमचं ज्युनिअर कॉलेज होतं आणि मी तिथं बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. हा धडा दिवाळीच्या थोडा आधी यायचा, सीताफळांच्या दिवसांत. मंडईतून एक कडक, कच्चं सीताफळ आणायचं आणि वर्गात टेबलावर ठेवायचं. मुलं हसायची. हसू दिलं की पुढं ऐकतात. मग मी सांगायचे, हे वरचे डोळे बघा, सगळे एकसारखे आणि एकमेकांना चिकटून बसलेले. विषाणूचं कवच असंच असतं, प्रथिनांच्या सारख्या तुकड्यांचं. आता आतला गर काढून टाका, बिया काढून टाका, आणि आत फक्त एक गुंडाळलेला दोरा ठेवा. माझ्यासारखा आणखी एक कसा करायचा, एवढंच त्या दोऱ्यावर लिहिलेलं असतं. झाला विषाणू. त्याला तोंड नाही, पोट नाही. तो श्वास घेत नाही, वाढत नाही, म्हातारा होत नाही. काही विषाणूंचे तर मिठासारखे खडे करून बाटलीत भरून ठेवता येतात. वर्षानुवर्षं पडून राहतील, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जिवंत पेशी मिळाली की मात्र आत शिरतात, तिथली यंत्रं, तिथला माल, तिथले कामगार, सगळं स्वतःच्या कामाला जुंपतात आणि घरधन्याला उपाशी मारतात.

काहींच्या कवचावर आणखी एक पातळ पांघरूण असतं. तेही स्वतःचं नव्हे. ज्या पेशीतून बाहेर पडला तिच्याच पडद्याचा तुकडा ओढून घेतलेला असतो. पाहुणा म्हणून आला आणि जाताना घरातली चादर अंगावर घेऊन पसार झाला, असं मी सांगायचे. आणि शेवटी परीक्षेतला हमखास प्रश्न, विषाणू सजीव की निर्जीव? उत्तर असं की बाहेर निर्जीव, आत गेला की सजीव. पुण्यात अशी माणसं पुष्कळ आहेत, खुर्ची मिळेपर्यंत निर्जीव, असं मी म्हटलं की मागच्या बाकांपर्यंत खसखस पिकायची. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये जरा ताठ मानेनं शिरत असे.

ताठ मानेची मला गरज होती. मी येरवड्याची. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, वडील छापखान्यात कामाला होते, आणि आमच्या गल्लीतली एम. एस्सी. झालेली पहिली मुलगी मी. कॉलेजातली माझी जागा राखीव होती. हे कुणी मला तोंडावर बोललं नाही. पुण्यात तसं बोलत नाहीत. ‘तुमचं काय बाई, तुमचं बरं असतं,’ एवढंच म्हणतात आणि आपला डबा उघडतात. मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं, की या लोकांकडे काही म्हणजे काही मागायचं नाही. इतरांना जे सामान लागतं त्याच्या निम्म्यात प्रयोगशाळा चालवून दाखवायची. काचपट्ट्या धुऊन वापरायच्या, फुटलेल्या परीक्षानळीचं तोंड घासून पुन्हा वापरायची, मेलेला बेडूक दोन बॅचना पुरवायचा. प्राचार्य वार्षिक सभेत म्हणायचे, काटकसर शिकावी तर या मॅडमकडून. मला ते आवडायचं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रक्तगट तपासण्याचं प्रॅक्टिकल याच काटकसरीत बसलेलं. वीस मुलांची एक बॅच. टेबलावर काचपट्ट्या, तीन बाटल्यांत तीन प्रकारचं सीरम, एका वाटीत स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस आणि एक सुई. दर बॅचला नवी सुई, हा माझा मोठेपणा. मुलं बिचकायची. एखादी मुलगी आधीच रडवेली झालेली असायची. म्हणून ती सुई सगळ्यांत आधी मी माझ्याच बोटाला टोचून घ्यायचे. अनामिकेला टच्च करायचं, थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि हसून म्हणायचं, बघा, मुंगी चावल्याइतकंच आहे. मग सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची आणि पहिल्या मुलाचं बोट धरायचं. पुसायची, दुसऱ्याचं बोट. पुसायची, तिसऱ्याचं. शेवटाला सुई बोथट होऊन जायची, तेव्हा जरा जोर लावावा लागे.

याच आठवड्यात, दोन दिवस आधी, याच मुलांना मी वहीत लिहून दिलेलं असायचं: ‘बी प्रकारची कावीळ दूषित रक्त व दूषित सुयांमार्फत पसरते.’ खाली लाल रेघ मारायला सांगायचे. मुलं रेघ मारायची आणि दोन दिवसांनी बोटं पुढं करायची.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. पण ते पुस्तकातलं होतं आणि हे प्रॅक्टिकल होतं. मी शिकले तेव्हा माझ्या मास्तरांनी असंच टोचलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे एका डब्यात सुया उकळत असायच्या आणि सगळ्या वस्तीला त्याच टोचल्या जायच्या. मग नव्वदच्या पुढं एड्सची पोस्टरं लागायला लागली. बसस्टँडवर, दवाखान्यात, आमच्या नोटीस बोर्डावरसुद्धा. पोस्टरवर सुईचं चित्र होतं आणि त्यावर फुली. ते मला रोज येता-जाता दिसायचं. एक दिवस मी माझा नेम मोडला आणि प्राचार्यांकडे मागायला गेले.

‘सर, रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला वेगळी सुई हवी.’

‘अहो मॅडम, दवाखाना काढलाय का आपण?’

‘सर, ते पोस्टर...’

‘ते पोस्टर ट्रक ड्रायव्हरांसाठी आहे. आपली मुलं चांगल्या घरची आहेत. त्यांच्यात कुठून येणार असले रोग?’

ते वाईट गृहस्थ नव्हते. मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरायचे. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि नुसतं त्यांनाच वाटत होतं असंही नाही. आमच्या कॉलेजात, आमच्या पेठेत सगळ्यांचा हाच हिशेब होता. रोग हा वाईट घरातून वाईट माणसाला होतो. तासाला मी शिकवायचे, की विषाणूला घर कळत नाही, जात कळत नाही, फक्त पेशी कळते. तेव्हा प्राचार्यांसमोर हेच वाक्य म्हणायला हवं होतं. पण ‘चांगल्या घरची’ हे शब्द मी ऐकले. मला वाटलं, आता मी पुढं बोलले तर हे माझ्याकडे बघतील आणि मनात म्हणतील, हिला बरं माहीत. मी ‘ठीक आहे सर’ म्हणून उठले.

त्याच वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर आले. सगळ्या पुण्याला तेव्हा कॉम्प्युटरचं वेड लागलेलं. आमच्या प्रयोगशाळेच्या शेजारची खोली रिकामी केली, एसी बसवला, दाराबाहेर चपला काढायला लावल्या. महिन्याभरात एका मुलाच्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि दोन यंत्रं बंद पडली. लगेच बैठक झाली. संध्याकाळपर्यंत दारावर पाटी लागली: ‘दुसऱ्याची फ्लॉपी वापरू नये. आपली फ्लॉपी दुसऱ्यास देऊ नये. प्रत्येकाने स्वतंत्र, नवी, तपासलेली फ्लॉपी आणावी. समज एकदाच देण्यात येईल.’ भिंतीच्या अलीकडे त्याच मुलांना मी रांगेत उभं करून एका सुईनं टोचत होते. पाटी वाचून मला हसू आलं होतं, एवढं आठवतं. हसले आणि पुढच्या बोटाला बोळा लावला.

दोनेक वर्षांनी वरूनच काहीतरी फतवा आला आणि प्रत्येकाला वेगळी सुई मिळू लागली. आधी काय चाललं होतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

पुढं सात-आठ वर्षं गेली. एका शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत एक मुलगी आली. मी तिला लगेच ओळखलं. फ्लॉपीच्या वर्षातली, बिबवेवाडीची. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. अक्षर मोत्यासारखं, आणि जर्नल इतकं सुबक की मी ते पुढच्या बॅचना दाखवत असे. ती मेडिकलला जाईल असं मला वाटलं होतं, पण तिनं कॉम्प्युटर घेतला आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. आता गळ्यात ते पट्टीचं ओळखपत्र होतं, बोटात साखरपुड्याची अंगठी होती आणि चेहरा उतरलेला.

‘मॅडम, तुम्हाला एक विचारायचंय. विचारू की नको असं चार दिवस चाललंय.’

‘अगं विचार की. तोंडी परीक्षा थोडीच आहे?’

तिनं पर्समधून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. कंपनीनं तिला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं होतं, त्याआधी सगळ्या तपासण्या केल्या होत्या. बी प्रकारच्या काविळीची तपासणी पॉझिटिव्ह होती. तिला काही त्रास नव्हता, कधी कावीळ झाल्याचं आठवत नव्हतं. कंपनीनं तूर्त दुसऱ्या कुणाला पाठवलं. त्याचं तिला फार वाटत नव्हतं. तिनं सरळपणे हे होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं सरळपणे ते घरी सांगितलं. मुलाकडच्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, हे कशानं होतं? डॉक्टर म्हणाले, रक्तातून, सुईतून किंवा शरीरसंबंधातून.

‘त्यातलं त्यांनी शेवटचंच धरलंय मॅडम,’ ती म्हणाली. ‘मला कधी रक्त दिलेलं नाही, ऑपरेशन झालेलं नाही. मी खूप आठवलं. मला फक्त आपलं प्रॅक्टिकल आठवतं. एक सुई होती ना आपली?’

‘होती.’

‘तेवढं तुम्ही त्यांना सांगाल? त्यांचं माझ्या आईवडिलांवर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तुमचं ऐकतील. नुसतं एवढंच सांगायचं, की सगळ्या बॅचला एकच सुई होती. माझं लग्न राहील की जाईल हे नंतरचं. पण बाबा दुकानात बसेनासे झालेत, मॅडम. लोक काय विचारतील म्हणून.’

मी येते म्हणाले. मनापासून म्हणाले. ती गेली, आणि मी त्या रिकाम्या प्रयोगशाळेत बसून तिच्या बॅचमधली वीस बोटं आठवायला लागले. कुणाच्या रक्तातून आलं असेल? कोण होतं तिच्या आधी? हजेरीपटानं ती पाचवी की सहावी. तिच्या आधी चार-पाच मुलं. आणि त्यांच्या आधी मी.

सोमवारी मी कॅम्पातल्या एका लॅबमध्ये गेले, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

त्या तपासणीत अख्खा विषाणू सापडत नाही, हे मी वर्गात सांगत असे. सापडतं त्याच्या बाहेरच्या पांघरुणातलं प्रथिन. हा विषाणू स्वतःला लागतात त्याहून कितीतरी जास्त पांघरुणं बनवून ठेवतो आणि रक्तात नुसती रिकामी पांघरुणं तरंगत राहतात. पण पांघरुणं आहेत म्हणजे ती बनवणारा यकृतात बसलेला आहे. हे मला तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगायची गरज नव्हती, पण ते सांगत होते आणि मी मान डोलवत होते. मग त्यांनी विचारलं, ‘बहुधा तुम्हाला जन्मतःच मिळालं असणार. आईला काविळीचा, लिव्हरचा काही त्रास होता?’

माझी आई चाळिशीत गेली. पोटात पाणी झालं होतं, हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा. सरकारी दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरनं केसपेपरवरचा पत्ता वाचला आणि माझ्या वडिलांना विचारलं, ‘बाई घेते का?’ वडिलांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘नाही साहेब, आमच्या घरात कुणीच घेत नाही.’ डॉक्टर हसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आईनं आयुष्यात दारूचा वास घेतला नव्हता. पण वॉर्डातल्या नर्सनं ऐकलं, शेजारच्या खाटेनं ऐकलं, आणि आईच्या मातीच्या दिवशी आमच्याच गल्लीतल्या बायका हळू आवाजात बोलत होत्या. वडील पुढं वीस वर्षं जगले. कुणीही आईचा विषय काढला की ते न विचारताच सांगायचे, ती पीत नव्हती. समोरचा ‘हो हो’ म्हणायचा. एकही माणूस असा भेटला नाही की जो म्हणेल, मला माहीत आहे, ती पीत नव्हती.

त्या दोघांची मुलगी मी. आणि माझ्या त्या विद्यार्थिनीला माझ्याकडून एवढंच एक वाक्य हवं होतं. ते कुणी न बोलल्यानं माणसाचं काय होतं, हे पुण्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या आठवड्याच्या रविवारी सकाळी मी गेले. मुलाकडचे शनिवार पेठेत एका नव्या इमारतीत राहत होते. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, आई शांत आणि टापटिपीची. मुलगा एका कोपऱ्यात मोबाइलशी चाळा करत होता. ही मुलगी आणि तिची आई आधीच येऊन बसल्या होत्या. तिचे वडील आले नव्हते.

‘आपण आलात, बरं वाटलं,’ मुलाचे वडील म्हणाले. ‘आम्ही अडाणी नाही, मॅडम. आजार कुणालाही होतो. आम्हाला फक्त कारण कळलं पाहिजे. कारण कळलं, की विषय संपला.’

मी बोलायला लागले आणि बोलतच राहिले. विषाणू म्हणजे काय, त्याचं कवच, त्याचा दोरा, तो यकृताच्या पेशीत कसा शिरतो, कित्येक वर्षं गप्प कसा राहतो. मुलाला तीन इंजेक्शनं देऊन टाका म्हटलं, सहा महिन्यांत होतात, मग लग्नाला काडीचा धोका नाही. मी फार छान सांगत होते. मुलानं मोबाइलवरून मान वर केली. त्याची आई म्हणाली, ‘किती सोपं करून सांगता हो तुम्ही.’

मध्ये चहा आला. ट्रेमध्ये निळ्या फुलांच्या चिनी मातीच्या कपबशा होत्या आणि एका कडेला थर्मोकोलचा एक कप. मुलाच्या आईनं तो उचलून माझ्या विद्यार्थिनीपुढं ठेवला. अगदी सहज ठेवला, हसून. कपबशी माझ्यापुढं आली.

वेगळ्या कपाचा अर्थ मला कुणी शिकवायला नको होता. वडिलांच्या गावी हॉटेलबाहेर त्यांच्यासाठी कान तुटलेला कप असायचा, प्यायचा आणि आपला आपण विसळून खिळ्याला अडकवायचा. चहाच्या कपातून ही कावीळ पसरत नाही, हेही मला ठाऊक होतं. आणि ज्या रोगासाठी तो कप वेगळा काढला होता, तो रोग चिनी मातीच्या कपातून चहा पीत होता. मी म्हणू शकले असते, एक कप मलाही तसलाच द्या. मी बशीत चहा ओतला आणि प्यायले.

‘आता एकच विचारतो,’ मुलाचे वडील म्हणाले. ‘ही म्हणते, कॉलेजात तुम्ही एकाच सुईनं सगळ्यांचं रक्त काढायचात. असं खरंच होतं?’

सगळे माझ्याकडे बघत होते. ती बघत नव्हती, ती कपाकडे बघत होती. मला उपप्राचार्य करण्याचा ठराव त्या महिन्यात यायचा होता. त्याही जागेवर माझ्या आधी आमच्यापैकी कुणी बसलेलं नव्हतं. मी हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न येणार होता, मग ते आलं कुणाकडून? आणि मग माझ्याकडे बघून या लोकांनी काय म्हटलं असतं, ते मी आयुष्यभर ऐकत आले होते. मी घाबरले. त्याला दुसरा चांगला शब्द नाही.

‘सुई दर वेळी स्पिरिटनं स्वच्छ केली जायची,’ मी म्हटलं.

‘म्हणजे निर्जंतुक?’

‘त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे, हो.’

‘मग त्यातून हे झालं, असं आपण म्हणू शकत नाही.’

‘शास्त्रीयदृष्ट्या तसं सिद्ध करता येणार नाही.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ही वाक्यं पुष्कळदा तपासून पाहिली आहेत. तेव्हाची पद्धत तीच होती, आणि सिद्ध तर आजही करता येणार नाही. कदाचित तिला ते माझ्याकडून आलंही नसेल. पण मुलाचे वडील ‘झालं तर मग’ म्हणाले आणि त्यांनी तिच्या आईकडे बघितलं, तेव्हा त्या बाईनं पदर तोंडाशी नेला. तिच्या मुलीचं चारित्र्य एका बी. एड. झालेल्या, वीस वर्षं अनुभव असलेल्या बाईनं भर दिवाणखान्यात नीट पुसून काढलं होतं. पुढच्या आठवड्यात अंगठी परत गेली. मी दोन महिन्यांनी उपप्राचार्य झाले.

मी निघाले तेव्हा ती मला खाली सोडायला आली. मी नको म्हटलं, पण आली. आम्ही जिना उतरलो. ती रागावेल, रडेल, निदान मला काहीतरी सुनावेल असं वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला येरवडा सांगितलं, मीटर टाकायला लावला. मी बसल्यावर वाकून म्हणाली, ‘मॅडम, रागावू नका, एक सांगते. तुम्हीही एकदा तपासून घ्या. वर मी मुद्दाम नाही बोलले. ते तुम्हाला काहीतरी बोलले असते, आणि ते मला ऐकवलं नसतं.’

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

‘त्याला उपाशीपोटी जावं लागत नाही,’ ती म्हणाली. ‘कधीही गेलं तरी चालतं. टाळाटाळ मात्र करू नका.’

‘उद्याच जाते,’ मी म्हटलं. रिपोर्ट माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता.